नऊ ते तेरा : मराठी कुमारकादंबरी आणि तिचा वाचक

मागच्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी, सातवीपर्यंतच्या शाळेत जाण्याचा योग आला. मुलांशी गोष्टींविषयी बोलायचं, एवढंच निमित्त होतं. बोलून झाल्यावर मी पुस्तकांचं कपाट बघायला मागितलं. किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि ते मीटिंगला गेलेले. शिपाईमामांनी बऱ्याच शोधाशोधीनंतर दुसरी किल्ली आणली. कपाटात साडेतीनशेच्या आसपास पुस्तकं होती : थोरांची चरित्रं, बोधकथा, सामान्यज्ञान, शिष्यवृत्तीची गाइडं. बहुतेक कोरी करकरीत. एकच पुस्तक असं होतं की त्याचं मुखपृष्ठ गेलेलं, पहिली काही पानं गेलेली, आणि शिवण सुटल्यावर कुणीतरी सुई-दोऱ्याने परत टाके घातलेले. ते ‘फास्टर फेणे’ मालिकेतलं होतं. नोंदवहीत त्या पुस्तकापुढे एकोणीस नावं होती. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी जवळ आली आणि तिने विचारलं, “मॅडम, ह्याचा पुढचा भाग कुठाय?”

पुढचा भाग कपाटात नव्हता. शाळेला पुस्तकं गठ्ठ्याने आली होती आणि त्या गठ्ठ्यात मालिकेतलं एकच पुस्तक होतं.

नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी मराठीत कथा-कादंबरी कशी लिहावी आणि ती त्यांच्यापर्यंत कशी पोचवावी, या प्रश्नावर गेली अनेक वर्षं संमेलनांत, दिवाळी अंकांत, प्रकाशकांच्या बैठकांत बोललं जातं आहे. त्या बोलण्यात कोणत्या भूमिका आहेत, कुठे एकमत झालं आहे आणि कुठे घोडं अडलं आहे, ते या लेखात मांडते आहे.

वयाला नाव नाही

इंग्रजीत या वयाच्या वाचकाला ‘ट्वीन’ म्हणतात आणि त्याच्यासाठी पुस्तकांच्या दुकानात वेगळा कप्पा असतो. मराठीत बाल, कुमार आणि किशोर हे तीन शब्द आहेत, पण त्यांच्या सीमा कुणी आखलेल्या नाहीत. एक प्रकाशक ‘कुमार’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे आठ वर्षांचा मुलगा असतो, दुसऱ्याच्या पुढे नववीतली मुलगी. या अडचणीतून ‘बालकुमार’ हा जोडशब्द रूढ झाला. तो सोयीचा आहे, पण चिमणी-कावळ्याची गोष्ट आणि धरणग्रस्त गावाची कादंबरी एकाच फडताळात ठेवून देतो.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये शाळेचे टप्पे बदलले. तिसरी ते पाचवी हा एक आणि सहावी ते आठवी हा दुसरा. आपला वाचक या दोन टप्प्यांच्या सांध्यावर उभा आहे. तो स्वतःचं स्वतः, मनातल्या मनात वाचू लागलेला असतो. आईने वाचून दाखवलेलं त्याला आता नको असतं. गोष्टीतला नायक आपल्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठा असेल तर त्याला आवडतं, लहान असेल तर तो पुस्तक मिटतो. हे प्रकाशकांना आणि ग्रंथपालांना अनुभवाने माहीत आहे. म्हणून ‘वयोगट ६ ते १४’ असं मागच्या पानावर छापणाऱ्या पुस्तकाने खरं तर काहीच सांगितलेलं नसतं.

इथवरचा रस्ता

मराठीत मुलांसाठी छापील पुस्तकं आली ती भाषांतरांतून. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचं ‘बाळमित्र’ आणि त्यांची इसापनीती १८२८ च्या सुमाराची. या पुस्तकांचा हेतू स्पष्ट होता : नव्या शाळांना वाचनपाठ हवे होते. म्हणजे मुलांचं पुस्तक आणि शाळा ही जोडगोळी मराठीत पहिल्यापासूनची आहे. ती आजही सुटलेली नाही, आणि पुढे येणारे बरेचसे वाद याच गाठीतून निघतात.

वा. गो. आपट्यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ मासिक सुरू केलं आणि मुलांसाठी दर महिन्याला घरी येणारं काहीतरी असावं ही कल्पना रुजवली. पुढे ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आला. परक्या घरात येऊन त्या घरचा होऊन जाणारा हा पोरका मुलगा मराठी कुमारकथेतला पहिला खरा ‘आपला’ नायक म्हणायला हरकत नाही. तो चुकतो, भांडतो, शक्कल लढवतो आणि मुख्य म्हणजे सारखा भाषण देत नाही. १९३५ मध्ये ‘श्यामची आई’ प्रसिद्ध झालं. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातल्या बेचाळीस रात्रींच्या गोष्टी श्याम आश्रमातल्या सोबत्यांना सांगतो. पुस्तकातला श्रोता मोठा आहे, वाचक मात्र पिढ्यान् पिढ्या लहान राहिला. मुलांचं पुस्तक म्हणजे संस्काराचं पुस्तक हे समीकरण मराठी घरांत पक्कं झालं त्यात या ग्रंथाचा वाटा मोठा आहे.

त्यानंतरचा ठळक मुक्काम भा. रा. भागवत यांचा. १९१० मध्ये जन्मलेल्या भागवतांनी ‘बालमित्र’ मासिक चालवलं, ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि फुरसुंगीचा बनेश फेणे घडवला. फास्टर फेणेची वीस पुस्तकं झाली. भागवतांची हातोटी बारकाईने पाहण्यासारखी आहे. ते वर्णनात रेंगाळत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात सायकल वळते, कुणीतरी दिसतं, काहीतरी खटकतं आणि बन्याच्या तोंडून तो सुप्रसिद्ध ‘टॉक्’ निघतो. प्रकरण संपतं तेव्हा मुलगा अडचणीत असतो, त्यामुळे दिवा मालवायला वाचकाचं मन होत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बन्या पुण्याच्या वसतिगृहात राहतो. आईवडील हाकेच्या अंतरावर नाहीत, निर्णय त्यालाच घ्यावे लागतात. या वयाच्या कथेला लागणारी मोकळीक भागवतांनी अशी एका साध्या युक्तीने मिळवली.

बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘किशोर’ सुरू केलं. वसंत शिरवाडकर पहिले संपादक. पाठ्यपुस्तकं काढणारी सरकारी संस्था पाठ्यपुस्तकाबाहेरचं वाचायला देते, तेही परवडणाऱ्या किमतीत आणि मोठ्या लेखकांकडून लिहून घेऊन, ही गोष्ट भारतीय भाषांत ठळकपणे सांगावी अशी आहे. जुने अंक आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, निवडक मजकुराचे खंडही निघाले आहेत. त्याच दशकात अमरेंद्र गाडगीळ यांच्या पुढाकाराने बालकुमार साहित्याची स्वतंत्र संमेलनं भरू लागली.

नव्वदनंतर चित्र पालटलं. दूरचित्रवाणी घरोघर आली, शहरांत आणि मग तालुक्यांतही इंग्रजी शाळा वाढल्या. २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. १९५२ पासून मराठीत निघणारा ‘चांदोबा’ पुढे बंद पडला. दुसरीकडे ज्ञान प्रबोधिनीचं ‘छात्र प्रबोधन’, नंतरचं ‘वयम्’ आणि साधना साप्ताहिकाचा दर दिवाळीचा बालकुमार अंक यांनी कुमारवयाचा धागा धरून ठेवला. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आकाशवाणीवरून पुस्तकात आला आणि नव्या पिढीचा झाला.

साहित्य अकादमीने २०१० मध्ये बालसाहित्य पुरस्कार सुरू केला. मराठीतला पहिला मान अनिल अवचटांना आणि दुसरा ‘बोक्या सातबंडे’ला मिळाला. पुढची यादी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. २०१७ ते २०२४ या काळात ल. म. कडू यांचं ‘खारीच्या वाटा’, सलीम सरदार मुल्ला यांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’, संजय वाघ यांचं ‘जोकर बनला किंगमेकर’, संगीता बर्वे यांचं ‘पियूची वही’ आणि भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’ अशी पाच वेळा कादंबरीची निवड झाली. कवितेला आणि छोट्या बोधकथेलाच बालसाहित्य समजण्याचा काळ मागे पडतो आहे, असं मला या यादीवरून वाटतं.

लिहिण्याविषयीचे वाद

पहिला वाद सर्वांत जुना : संस्कार की रंजन? एक बाजू म्हणते की या वयात मूल्यं घडतात, त्यामुळे लेखकावर जबाबदारी आहे. गोष्ट मुलाला अधिक चांगलं माणूस करणारी हवी. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की बोध पुढे आला की मूल मागे सरतं. त्याला गोष्ट द्या, बोध तो स्वतः काढेल. आज जाहीरपणे बोधाची बाजू घेणारे लेखक कमी उरले आहेत. पण हस्तलिखितं वाचणाऱ्या कुणालाही विचारा : शेवटच्या प्रकरणात आजोबा, गुरुजी किंवा एखादं झाड येऊन दोन पानं उपदेश करतं, हे आजही सर्रास दिसतं. वाद तत्त्वात मिटला आहे, लिहिण्यात मिटलेला नाही. साने गुरुजींचं नाव या वादात नेहमी ओढलं जातं आणि ते मला पटत नाही. त्यांच्या गोष्टी टिकल्या त्या उपदेशामुळे नव्हे, तर विहिरीत उडी मारायला घाबरणाऱ्या, आईवर रुसणाऱ्या श्यामच्या खरेपणामुळे.

दुसरा वाद भाषेचा, आणि हा खरोखर गुंतागुंतीचा आहे. एक मत असं की मुलांसाठी प्रमाण मराठीच वापरावी. ती सगळ्या महाराष्ट्रात कळते, परीक्षेतही तीच लागते. दुसरं मत असं की वऱ्हाडातल्या, खानदेशातल्या, मालवणातल्या किंवा भिलाटी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकात स्वतःचा आवाज कधी ऐकूच येत नसेल, तर ते पुस्तक त्याला परक्याचं वाटणार. बऱ्याच लेखकांनी मधला मार्ग काढला आहे : निवेदन प्रमाण भाषेत, संवाद बोलीत. मोठ्यांच्या कादंबरीत हा मार्ग कधीच मळलेला आहे. मुलांच्या पुस्तकात मात्र संपादक अजून कचरतात, कारण पुस्तक शाळेत जायचं असतं आणि ‘अशुद्ध’ म्हणून परत येण्याची भीती असते.

याच वादाची तिसरी बाजू गेल्या काही वर्षांत पुढे आली. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं. म्हणजे इंग्रजी शाळेतल्या लाखो मुलांना मराठी अक्षरओळख आहे. त्यातली अकरा वर्षांची मुलगी इंग्रजीत तीनशे पानांची कादंबरी वाचते, मराठीत मात्र जोडाक्षरांशी अडखळते. तिला मराठीत देण्यासारखं जे सोपं पुस्तक असतं, त्यात ससा-कासव असतात. तिचं मन अकरा वर्षांचं आहे आणि मराठी वाचन आठ वर्षांचं. तिच्यासाठी आशय मोठा, वाक्य लहान असं पुस्तक लागतं. हा वाचक वाढतो आहे आणि त्याच्यासाठी जाणीवपूर्वक लिहिणारे लेखक बोटांवर मोजावेत इतके आहेत. अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळांतले शिक्षक हीच अडचण सांगतात. त्यांच्या मुलांचं बोलणं छान असतं, ऐकून कळतंही सगळं, पान समोर आलं की गाडी थांबते.

तिसरा वाद विषयांचा. मृत्यू, आईवडिलांचं वेगळं होणं, जात, पाळी येणं, दारू पिणारा बाप, कर्जात बुडालेलं शेत : हे या वयाच्या मुलांना सांगावं का? नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. मुलाचं बालपण आधीच आखूड झालं आहे, गोष्टीत तरी त्याला निर्धास्त राहू द्या, असं ते म्हणतात. सांगावं म्हणणारे विचारतात की ज्या मुलाच्या घरी हे घडतंच आहे, त्याने कुठे बघायचं? सहावीच्या वर्गात पाळी सुरू झालेल्या मुली असतात. त्यांना त्याविषयी गोष्टीतून चार शब्द मिळाले नाहीत तर ते कुठून मिळतील, याचा विचार लेखकाने करायचा नाही तर कुणी करायचा? मला स्वतःला दुसरी बाजू पटते, एका अटीवर : गोष्ट मुलाला अंधारात सोडून संपता कामा नये. आशेचा शेवट म्हणजे गोड शेवट नव्हे, एवढा फरक सांभाळता आला की झालं.

आणि चौथा, जो वाद म्हणून फारसा मांडलाच जात नाही. मुलांविषयीची पुस्तकं आणि मुलांसाठीची पुस्तकं यांची आपल्याकडे सरमिसळ होते. प्रकाश नारायण संतांचा लंपन आणि मिलिंद बोकील यांची २००४ ची ‘शाळा’ ही मराठीतली मुलांविषयीची अप्रतिम पुस्तकं आहेत. पण ती मोठ्यांसाठी लिहिलेली आहेत. मागे वळून पाहणाऱ्याची हुरहुर त्यांच्या ओळीओळीत आहे. अकरा वर्षांच्या मुलाला हुरहुर नसते, त्याला पुढे काय होणार याची घाई असते. आपल्याकडची बरीच कुमारकथा लेखकाच्या स्वतःच्या बालपणावर बेतलेली असते. विहीर, आंब्याचं झाड, कंदील, पाटी. २०१४ साली जन्मलेल्या मुलाचं बालपण तिच्यात क्वचितच सापडतं. ‘फास्टर फेणे’वर २०१७ मध्ये चित्रपट निघाला तेव्हा त्यातला बनेशही शाळकरी राहिला नाही, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आलेला तरुण झाला. चित्रपट चांगला चालला. पण बारा वर्षांच्या नायकावर मोठा पैसा लावायला कुणी धजावत नाही, हे त्यातून समजून घ्यायला हवं.

भाषांतराबाबत थोडक्यात. हॅरी पॉटर मराठीत आहे, सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांनी मराठीत आणला, ‘तोत्तोचान’ घरोघर पोचलं. भाषांतराने मूळ लेखनाची जागा खाल्ली अशी तक्रार ऐकू येते. मला ती टिकणारी वाटत नाही. भागवत स्वतः व्हर्न भाषांतरित करत होते आणि त्याच हाताने फेणे लिहीत होते. अडचण दर्जाची आहे : काही भाषांतरांत वाक्यं इतकी अवघडून बसलेली असतात की मुलाला गोष्टीपेक्षा व्याकरणाशीच झटावं लागतं.

पोचवण्याचा पेच

मुलांच्या पुस्तकाला दोन गिऱ्हाइकं असतात : पैसे देणारं आणि वाचणारं. लहान मुलाच्या बाबतीत दोघं शेजारी बसून पुस्तक बघतात. सोळाव्या वर्षी मूल स्वतः दुकानात जातं. नऊ ते तेरा या वयात मात्र पुस्तक मोठा माणूस एकटा निवडतो आणि मूल एकटं वाचतं, किंवा वाचत नाही. मराठी कुमारसाहित्याच्या प्रसाराचे सगळे प्रश्न या फटीत पडलेले आहेत.

एक भूमिका म्हणते, शाळा हाच खरा मार्ग. आकड्यांकडे पाहिलं तर हे पटतं. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या इयत्तांनुसार वर्षाला पाच हजार ते वीस हजार रुपये ग्रंथालय अनुदान आहे. कोणत्याही प्रकाशकाच्या दुकानविक्रीपेक्षा ही खरेदी कितीतरी मोठी. पण पुस्तकं वर निवडली जातात आणि खाली गठ्ठ्याने येतात. मग मालिकेतलं एकच पुस्तक येतं, चरित्रांच्या सात-सात प्रती येतात. पुस्तक हरवलं तर भरून द्यावं लागेल या धास्तीने ते कुलपात राहतं. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. हिशेब त्यांच्या नावावर असतो.

दुसरी भूमिका सार्वजनिक ग्रंथालयांवर भर देते. १९६७ च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात अनुदानित ग्रंथालयांचं जे जाळं उभं राहिलं, त्याला तोड नाही. अ, ब, क, ड वर्गांची ही ग्रंथालयं खेड्यापर्यंत गेली आहेत. अनेकांत बालविभाग आहे. पण संध्याकाळी वर्तमानपत्रं वाचायला आलेल्या काकांच्या शेजारी बसून दहा वर्षांच्या मुलीने गोष्टीचं पुस्तक वाचावं, अशी व्यवस्था थोड्या ठिकाणी दिसते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने विनायक रानडे यांच्या कल्पनेतून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं, त्याने यावर एक साधा तोडगा काढला : पुस्तकांची पेटी वाचकांच्या घोळक्यात ठेवायची आणि काही महिन्यांनी दुसऱ्या घोळक्याच्या पेटीशी बदलायची. ही पेटी परदेशातल्या मराठी घरांपर्यंत गेली. तिचं बळ असं की पेटी उघडी असते आणि मूल तिच्यात हात घालून पुस्तक निवडतं.

तिसरी भूमिका बाजाराची. मॉलमधल्या दुकानांत मराठी मुलांचा कप्पा आखूड, म्हणून प्रकाशक प्रदर्शनांवर, शाळांतल्या स्टॉलवर आणि दिवाळीच्या संचांवर विसंबतात. भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं, २०२३ पासून पुण्यात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरू लागला. तिथे मुलांची गर्दी असते आणि ती पाहून मन भरून येतं. तरी स्टॉलवर पाच मिनिटं उभं राहिलं की काय होतं ते दिसतं. मूल एक पुस्तक उचलतं, आई ते ठेवून दुसरं उचलते : “हे घे, यात माहिती पण आहे.” कुमारकादंबरीची विक्री इथे हरते. ज्योत्स्ना प्रकाशनाच्या ‘वाचू आनंदे’त माधुरी पुरंदरे यांनी बालगट आणि कुमारगट वेगळे करून उत्तम साहित्याचे वेचे आणि चित्रं एकत्र आणली, तेव्हा पालकाला हवा असलेला ‘उपयोग’ आणि मुलाला हवी असलेली गोडी एकाच पुस्तकात मावली. असे प्रयोग थोडे झाले.

चौथी भूमिका नवी : मुलापर्यंत थेट जा. कानाने ऐकायची पुस्तकं, छोटे व्हिडिओ, लेखकाशी ऑनलाइन गप्पा. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांत मोफत गोष्टी देतं. मात्र त्यातला बराच मजकूर लहानांचा आहे, दहा वर्षांपुढे तो विरळ होतो. मुलांना उद्देशून जाहिरात करण्यावर आता कायद्याची मर्यादाही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल मानला जातो. त्याची माहिती वापरायला पालकाची पडताळणी केलेली संमती लागते आणि त्याच्यावर पाळत ठेवून नेमकी त्याला गाठणारी जाहिरात करता येत नाही. हे बंधन योग्यच आहे. त्यामुळे पडद्याच्या मार्गानेही शेवटी पालकाच्या दारातूनच जावं लागतं.

पुरस्कारांचं काय? राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालकादंबरीला साने गुरुजींच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार आहे, अकादमीचा आहे, संस्थांचे आहेत. लेखकाला उमेद मिळते, हे मोलाचं. पण परीक्षक सगळे मोठे असतात. पुरस्कारानंतर ते पुस्तक मुलांनी किती वाचलं, हे कुणी विचारत नाही. प्रत्येक जिल्ह्यातले पन्नास सहावी-सातवीचे वाचक मिळून एक पुस्तक निवडतील, असा पुरस्कार सुरू करायला फार पैसा लागणार नाही.

अजून न सुटलेलं

सगळ्यांच्या मुळाशी वाचनक्षमता आहे. ग्रामीण भारताच्या ‘असर’ पाहणीत २०१८ मध्ये पाचवीतल्या ५०.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. करोनाच्या शाळाबंदीनंतर, २०२२ मध्ये, ते प्रमाण ४२.८ टक्क्यांवर आलं. हे आकडे देशाचे आहेत, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षकाला ते अनोळखी वाटणार नाहीत. पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना कादंबरी हाती घेणंच जड जात असेल, तर लेखकाने त्यांना सोडून उरलेल्यांसाठी लिहायचं की त्यांच्यासाठी वेगळं काही लिहायचं? यावर बालसाहित्याच्या व्यासपीठांवर जेवढं बोलायला हवं तेवढं बोललं गेलेलं नाही. भाषाशिक्षणाची माणसं आणि गोष्टी लिहिणारी माणसं एकमेकांच्या बैठकींना जात नाहीत.

मालिकेचा प्रश्न तसाच आहे. या वयाचं मूल एका पुस्तकावर जीव लावत नाही, एका माणसावर लावतं. त्याला बन्याचं, बोक्याचं पुढचं पुस्तक हवं असतं, आणि ते संपलं की त्याच्या पुढचं. मराठीत आज पुरस्कारप्राप्त कादंबऱ्या एकेकट्या आहेत. लेखकाला दर वर्षी एक पुस्तक लिहिता येईल एवढं मानधन प्रकाशक देऊ शकत नाही, आणि पहिलं पुस्तक संपल्याशिवाय दुसरं छापायला तो धजत नाही. सासणे यांच्यासारखा मान्यवर कथाकार रहस्यकथेकडे वळतो, हे या दृष्टीने आश्वासक आहे.

मुलींचं काय, हाही प्रश्न उरतो. ताम्हनकरांनी ‘चिंगी’ लिहिली, भागवतांनी बन्याच्या जोडीला माली दिली, ‘पियूची वही’त पियू स्वतः बोलते. तरी साहसाची सूत्रं हातात असलेली मुलगी मराठी कुमारकादंबरीत अजून पाहुणीच आहे. समीक्षेची अवस्थाही अशीच. मालतीबाई दांडेकरांनी ‘बालसाहित्याची रूपरेखा’ लिहून पाया घातला. त्यानंतर ग्रंथ आणि लेख आले, पण नव्या कुमारकादंबरीचं सविस्तर, कानउघाडणी करणारं परीक्षण वर्तमानपत्रात दिसणं दुर्मीळ. चांगल्या-वाईटाची चाळणीच नसल्याने आईही गोंधळते आणि शाळाही.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी देऊ शकले नाही. नंतर मालिकेतली सहा पुस्तकं शाळेला पाठवली आणि सोबत चिठ्ठीत लिहिलं की फाटली तर चालतील, हरवली तरी चालतील. वाचकांना माझी एकच विनंती आहे. वाढदिवसाला, स्मृतिदिनाला, निवृत्तीला आपण आपल्या जुन्या शाळेला पुस्तकं भेट देतो. पुढच्या वेळी द्याल तेव्हा यादी करण्याआधी शाळेत जा, कपाटाची नोंदवही मागा, सर्वांत जास्त नावं कोणत्या पुस्तकापुढे आहेत ते बघा आणि त्याच्या पुढचा भाग द्या.